परसातील कृत्रिम हिरवळीचे क्रीडांगण

घराच्या परसात किंवा बंगल्याच्या आवारात खडीचा पाया घालून त्यावर प्लॅस्टिक तंतूंची हिरवळ अंथरलेले खाजगी क्रीडांगण. ते मुख्यतः टेनिस व पॅडेलसाठी (भिंतींनी वेढलेल्या लहान कोर्टावरील टेनिससारखा खेळ) बांधतात. गोल्फचा पटिंग (चेंडू हलकेच घरंगळवत खळग्यात टाकण्याचा) सराव, बॉक्स क्रिकेट (जाळीने वेढलेल्या लहान जागेतील क्रिकेट) व मुलांचा फुटबॉलही त्यावर चालतो. पिकलबॉल या रॅकेटच्या खेळाला मात्र ते मानवत नाही, कारण त्या खेळाचा हलका, भोकांचा चेंडू मऊ पृष्ठावर पुरेसा उसळत नाही.

घरच्या हिरवळीवर खेळण्याची रीत कृत्रिम हिरवळीहून जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे. लॉन टेनिसचे जनकत्व १८७४ मध्ये पेटंट घेणाऱ्या मेजर वॉल्टर विंगफील्ड यांना देण्याचा प्रघात आहे. तथापि हॅरी जेम व ऑगुरिओ पेरेरा हे मित्र त्याआधीच, बहुधा १८५९ ते १८६५ या काळात, बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागात पेरेरांच्या घरच्या क्रोकेच्या (लाकडी हातोड्याने चेंडू टोलवण्याच्या खेळाच्या) हिरवळीवर तसाच खेळ खेळत होते. पॅडेलचा उगमही घरचाच. १९६९ च्या सुमारास एन्रिके कोर्कुएरा यांनी मेक्सिकोतील आकापुल्को येथे आपल्या निवासस्थानी भिंतींनी वेढलेले कोर्ट बांधले, असे सर्वसाधारणपणे मानतात.

कृत्रिम हिरवळीच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याबाबत एकवाक्यता नाही. मोन्सँटो कंपनीची ‘केमग्रास’ ही नायलॉनची हिरवळ १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील मोझेस ब्राउन शाळेत बसविण्यात आली. तिचे पेटंट १९६७ मध्ये जेम्स फारिया व रॉबर्ट राइट यांच्या नावे मंजूर झाले. लोकप्रिय लेखनात मात्र नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल पार्क येथील संशोधक गटाचे प्रमुख डेव्हिड चेनी यांनाच संशोधक म्हटले जाते. पेटंटवरील नावे पाहता वस्तूच्या घडणीचे श्रेय पहिल्या दोघांकडे आणि नेतृत्वाचे चेनींकडे ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. हिरवळीला प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छत असलेल्या बेसबॉल स्टेडियममुळे. तेथील छताच्या पारदर्शक तावदानांतून डोळे दिपत असल्याने क्षेत्ररक्षकांना उंच चेंडू दिसेना. तावदाने रंगवली, तेव्हा उन्हाअभावी गवत मेले. मग १९६६ मध्ये केमग्रास आणले गेले आणि त्याचे नाव ‘ॲस्ट्रोटर्फ’ पडले.

ती पहिली हिरवळ महाग व खरखरीत होती. तिच्यावर घसरले की कातडी सोलून निघे. परसात कृत्रिम हिरवळ रुजली ती साधारणतः १९७० च्या दशकानंतर, वाळूभरित प्रकार आल्यावर. टेनिसला १० ते २० मिमी. उंचीची लव (उभ्या पात्यांचा थर) पुरते, तर फुटबॉलला ४० ते ६० मिमी. लागते. पात्यांमध्ये भरलेली सिलिका वाळू लव उभी धरते आणि आपल्या वजनाने चटई जागेवर ठेवते. ऑस्ट्रेलियात व जपानमध्ये असे टेनिस कोर्ट विशेष प्रचलित आहे.

टेनिस कोर्टाची आखणी २३.७७ × १०.९७ मी. असते, पण सभोवारच्या मोकळ्या जागेसह ३६.५७ × १८.२९ मी. जमीन लागते. पॅडेल २० × १० मीटरमध्ये, म्हणजे तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी जागेत बसते. खाजगी आवारांत पॅडेल पसरण्याचे हे एक ठळक कारण दिसते.

कोर्टाचे आयुष्य हिरवळीपेक्षा पायावर ठरते. वरची माती काढून त्या जागी जिओटेक्स्टाइल (माती व खडी वेगळी ठेवणारे) कापड, त्यावर सु. १० सेंमी. खडी आणि सर्वांत वर दगडाची बारीक कच असे थर घालतात. प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबतात. रोलर पोहोचत नाही अशा कोपऱ्यांत धुम्मस चालवतात. निचऱ्यासाठी सु. १ टक्का उतार ठेवतात. पट्टे अंथरताना सर्वांची लव एकाच दिशेला झुकलेली हवी. एक पट्टा उलटा पडला तरी उन्हात तो शेजारच्या पट्ट्याहून गडद दिसतो आणि हा दोष पुढे झाकता येत नाही. सांध्याखाली फीत घालून गोंद लावतात. मग कारागीर गुडघ्यांवर बसून गोंदात अडकलेली पाती एकेक करून बोटांनी वर काढतो. सीमारेषा रंगवण्यापेक्षा पांढरी पट्टी कापून बसवणे टिकाऊ ठरते. शेवटी कोरडी वाळू थोडी थोडी पसरून झाडूने आत मुरवतात. ती ओली असेल तर गोळे धरते आणि चेंडू वेडावाकडा उसळतो.

उष्णता हा या पृष्ठाचा मोठा दोष आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील २००२ च्या मोजणीत कृत्रिम हिरवळ नैसर्गिक गवताहून सु. ४८° से. आणि डांबराहूनही सु. २०° से. अधिक तापलेली आढळली. पाणी मारून मिळालेला गारवाही सुमारे वीस मिनिटांत बहुतांशी ओसरला. मुले अनवाणी खेळतात, तेथे या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे गैर होय.

कॅलिफोर्नियात २०१५ च्या दुष्काळात स्थानिक संस्थांना घरगुती कृत्रिम हिरवळीवर बंदी घालण्यास मनाई करणारा कायदा झाला. २०२३ मध्ये तो अधिकार त्यांना परत देण्यात आला. यूरोपीय संघाने २०२३ च्या सूक्ष्मप्लॅस्टिकविषयक नियमानुसार काही हिरवळींत वाळूऐवजी पात्यांमध्ये भरतात त्या रबरी कणांच्या भरणाची विक्री २०३१ पासून रोखण्याचे ठरविले आहे. वाळूला हा नियम लागू नाही.

महाराष्ट्रात ‘टर्फ’ म्हणजे बहुधा तासावर मिळणारे मैदान. परसातील कोर्ट विरळाच. काळ्या जमिनीत ते बांधायचे तर माती अधिक खोल काढून मुरूम भरावा लागतो, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उचलते. कोकणात झाडांच्या सावलीतील वाळूवर पावसाळ्यात शेवाळ धरते, म्हणून तेथे कोर्टाची जागा उन्हात निवडणे व वाळू वरचेवर झाडूने मोकळी करणे आवश्यक असते.