माळव्याची रात्र का गार होते आणि आता का तापते आहे

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र. 'शब-ए-मालवा'चं हे कौतुक इंदूरच्या मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना वैशाखातल्या गच्च्या आठवत असतील. दुपारी पाय टेकवत नाही अशी तापलेली फरशी, ऊन उतरल्यावर तिच्यावर मारलेलं पाणी, मग गाद्यांची रांग, आणि पहाटे झोपेतच अंगावर ओढून घेतलेली चादर. मे महिन्यात दुपारी 40 अंशांवर असलेला पारा पहाटेपर्यंत 15 अंशांनी खाली यायचा.

एवढी उष्णता रात्रीतून जाते कुठे? ती वर जाते, थेट अवकाशात. तापलेली जमीन, भिंती, झाडं, आपलं अंगसुद्धा, सगळं सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असतं. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण उष्णता वाहून नेतात. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच. पावसाळा सोडला तर इथली हवा कोरडी आणि आभाळ मोकळं. त्यामुळे जमिनीतून निघालेल्या या किरणांना फारसा अडथळा होत नाही आणि रात्र झपाट्याने निवते. पौषात दोन दिवस ढग दाटले तर थंडी मोडते, आणि आभाळ निरभ्र झालं की त्याच रात्री पुन्हा कडाका पडतो, हे इथल्या कुणालाही ठाऊक आहे.

हवेतले काही वायू जमिनीची उष्णता अडवून धरतात, त्या हरितगृह परिणामाची सगळी चर्चा आपण दुपारच्या उन्हाभोवती करतो, पण तो समजून घ्यायचा तर रात्रीकडे बघावं असं मला वाटतं. रात्री सूर्य नसतो. जमीन उष्णता बाहेर टाकते आहे आणि हवा त्यातली काही अडवते आहे, एवढाच व्यवहार उरतो. कोण किती अडवतं, हे रात्री सगळ्यात स्वच्छ दिसतं.

हे पहिल्यांदा नीट मोजणारा माणूसही रात्रीबद्दलच बोलला होता. आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये एका लांब नळीत वेगवेगळे वायू भरून त्यांच्यातून उष्णतेचे किरण सोडले. हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा, पण या दोघांनी किरण जवळजवळ जसेच्या तसे जाऊ दिले. अडवलं ते पाण्याच्या वाफेने, कार्बन डायऑक्साइडने आणि इतर काही वायूंनी. त्यावरून टिंडल यांनी सांगितलं की, उन्हाळ्यातल्या एकाच रात्रीपुरती इंग्लंडच्या हवेतली वाफ काढून घेतली, तर गारठ्याने मरू शकणारं प्रत्येक झाड सकाळपर्यंत मेलेलं असेल. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1856 मध्ये, अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वायू भरून ती उन्हात ठेवली होती. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. हवेत हा वायू अधिक असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती, असा निष्कर्ष त्यांनी तेव्हाच मांडला. त्यांचं नाव पुढे शंभरहून अधिक वर्षं विस्मरणात गेलं, याची मला मनापासून खंत वाटते.

नायट्रोजन किरण जाऊ देतो आणि कार्बन डायऑक्साइड अडवतो, हा फरक रेणूच्या घडणीत आहे. नायट्रोजनच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात. ते कितीही थरथरले तरी विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, म्हणून अवरक्त किरणाला धरायला काही सापडत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत मधे कार्बन आणि दोन टोकांना ऑक्सिजन असतो. हा रेणू वाकू शकतो. वाकला की भाराचा समतोल ढळतो, आणि 15 मायक्रोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेले किरण तो शोषून घेतो. पृथ्वीवरून निघणाऱ्या किरणांचा मोठा वाटा नेमका याच भागात पडतो. शोषलेली ऊर्जा रेणू जवळ ठेवत नाही. शेजारच्या नायट्रोजन-ऑक्सिजनला धडकून ती त्यांना देतो आणि सगळी हवा तापते. ती तापलेली हवा याच वायूंमार्फत वर आणि खाली, दोन्हीकडे किरण टाकते. रात्री गच्चीवर आपल्यापर्यंत आभाळातूनही ऊब येत असते, ती ही.

या रेणूची ताकद पाहायची तर इंदुरात लांब जायला नको. राजेंद्रनगरच्या पुढे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, इंदूरकरांच्या तोंडी अजूनही 'कॅट'. तिथे कार्बन डायऑक्साइडचे लेसर तयार झाले आहेत. विजेच्या साहाय्याने आधी नायट्रोजनच्या रेणूंना ऊर्जा दिली जाते, ते धडकून ती कार्बन डायऑक्साइडला देतात आणि मग हा वायू 10.6 मायक्रोमीटरचा अवरक्त झोत सोडतो. झोत दिसत नाही, पण तो पोलाद कापू शकतो. हवेत मुख्य काम वाकण्यातून होतं आणि लेसरमध्ये ताणण्याच्या कंपनांमधून, एवढाच भेद. रेणू तोच, आणि अवरक्त किरणांशी त्याचं असलेलं नातंही तेच.

आता खरी अडचण. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग आहेत 420 हून थोडे अधिक. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते 280 होते. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा 315 च्या आसपास. इतक्या थोड्या वायूने एवढा फरक पडतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याहून चांगला प्रश्न स्वीडनच्या क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी 1900 मध्ये उभा केला. नळीतला वायू कमी-जास्त केला तरी शोषणात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे आहे तेवढ्याच वायूने त्याच्या वाट्याचे किरण पूर्ण अडवले आहेत, मग आणखी घालून काय होणार? ही शंका पोकळ नव्हती. पुढची काही दशकं बहुतेक शास्त्रज्ञ तिच्यामुळेच निर्धास्त राहिले.

उत्तर नळीत नव्हतं, उंचीत होतं. सूर्याकडून येणारी आणि पृथ्वीने परत टाकलेली ऊर्जा यांचा हिशोब मांडला तर पृथ्वीचं तापमान उणे 18 अंश यायला हवं. जमिनीवरची सरासरी मात्र 15 अंशांच्या आसपास आहे. मजा म्हणजे अवकाशातून पृथ्वीचे अवरक्त किरण मोजले तर उत्तर उणे 18 अंशच येतं. मग हे उणे 18 अंश आहेत कुठे? वर. हवेत दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मे महिन्यात आपण पचमढीला जातो ते हीच उतरण अनुभवायला. पचमढी हजार मीटरच्या थोडी वर आहे. याच हिशोबाने पाच किलोमीटर चढलो की 33 अंश कमी होतात, आणि 15 चे उणे 18 होतात. पृथ्वीची उष्णता अवकाशात सुटते ती सरासरीने या पाच किलोमीटरच्या पातळीवरून. खाली हवा दाट असते. तिथे निघालेला किरण थोड्याच अंतरावर पुन्हा शोषला जातो आणि असं शोषत-सोडत तो वर सरकतो. हवा पुरेशी विरळ झाली की मगच त्याला बाहेरची वाट मिळते.

या हवेत आणखी कार्बन डायऑक्साइड घातला की वाट मोकळी होण्याची पातळी वर सरकते. वर गारठा जास्त असतो आणि गार वस्तू कमी किरण टाकते. सूर्याकडून येणारी ऊर्जा तेवढीच, जाणारी मात्र घटली. शिल्लक राहिलेली उष्णता समुद्रात, जमिनीत, हवेत साठत जाते. त्यातली 90 टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. नवी, उंचावरची पातळी पुन्हा उणे 18 पर्यंत तापेस्तोवर हे चालू राहतं. ती पातळी 150 मीटर वर गेली, तर साडेसहा अंशांच्या हिशोबाने खाली सुमारे एक अंश वाढतो. जमिनीलगत किरण शंभर टक्के अडले तरी तापमानवाढ थांबत नाही, याचं कारण हे. सगळ्या विषयातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकांत तो क्वचितच असतो.

स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्ये हे सगळं संगणकावर मांडलं. मानाबे यांना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. त्यांच्या गणितातून एक विलक्षण गोष्ट निघाली होती: कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल, पण त्याहून वरचा थर, स्थितांबर, गार होईल. सूर्य प्रखर झाल्याने पृथ्वी तापत असती तर दोन्ही तापले असते. उपग्रहांनी आणि फुग्यांनी मोजलं तेव्हा खालचं तापताना आणि वरचं निवताना आढळलं. दुसरी खूण रात्रीची. स्वांते अरेनियस यांनी 1896 मध्येच म्हटलं होतं की, या वायूमुळे दिवस आणि रात्र यांच्या तापमानातलं अंतर कमी होईल. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगातल्या जमिनीवर, सरासरीने, रात्री दिवसांपेक्षा जास्त तापल्या आहेत.

वाफेबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण हरितगृह परिणामात सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे. पण तिचं प्रमाण हवेचं तापमान ठरवतं. जास्त झाली की ती पाऊस होऊन पडते. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. कार्बन डायऑक्साइड सुरुवात करून देतो आणि वाफ त्याची वाढ मोठी करते. माळव्यासारख्या कोरड्या रात्रीच्या प्रदेशाला याचा अर्थ कळायला वेळ लागू नये.

इंदूरच्या रात्रीच्या उकाड्याचं खापर मात्र एकट्या हवेतल्या वायूंवर फोडता येणार नाही. शहरात सिमेंट आणि डांबर दिवसभर उष्णता पितात आणि रात्रभर सोडत राहतात. उंच इमारतींमधून आभाळ थोडंच दिसतं, म्हणून किरणांना बाहेरची वाटही अरुंद. एसीची गरम हवा त्यात भर घालते. हा परिणाम विजयनगरात वेगळा आणि शहराबाहेरच्या शेतात वेगळा. दोन्ही कारणं एकमेकांवर चढतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. झाडं लावून शहराचा उकाडा कमी होतो, वायूंमुळे होणारी वाढ तेवढ्याने थांबत नाही.

आणि शेतात रात्रीची किंमत शहरापेक्षा जास्त आहे. गहू थंड रात्रीचं पीक. फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा भरत असतो तेव्हा रात्र उबदार झाली की रोप दिवसा कमावलेली साखर श्वसनातच खर्च करतं, पीक लवकर पिकतं आणि दाणा बारीक राहतो. मार्च 2022 हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाच्या उत्पादनाला फटका बसला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदुरात आहे. बियाण्याच्या पिशवीवर 'एचआय' ही अक्षरं दिसतात ती इथली, त्यातलं 'आय' म्हणजे इंदूर. इथल्या 'पूर्णा' आणि 'पुसा तेजस' या जाती माळव्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात.

हरितगृह वायू सगळे सारखे टिकत नाहीत. मालवा मिल आणि हुकुमचंद मिलच्या बॉयलरांत शंभर वर्षांपूर्वी जळलेल्या कोळशाचा बराचसा कार्बन डायऑक्साइड समुद्राने आणि झाडांनी उचलला, पण साधारण 40 टक्के आजही हवेत आहे. मिथेनचं तसं नाही. तो एका तपात बराचसा नाहीसा होतो. पण असेपर्यंत जबर तापवतो: 20 वर्षांच्या हिशोबात वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक. म्हणून मिथेन आज रोखला तर फरक आपल्या हयातीत दिसेल.

ओला कचरा हवा न लागता कुजला की मिथेन होतो. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे इंदूरच्या कचराभूमीवर, वर्षानुवर्षं हेच होत होतं. 2018 मध्ये तिथला सुमारे 13 लाख टन जुना कचरा उपसून वेगळा करण्यात आला. 2022 पासून तिथेच रोज 550 टन ओला कचरा पचवून 17,000 किलो सीएनजी, म्हणजे दाबून भरलेला मिथेन, बनवण्याच्या क्षमतेचा प्लांट आहे. कचऱ्याला हवा मिळाली की काय होतं, तेही इंदूरनेच जगाला दाखवलं. होळकरांच्या राज्यात 1924 मध्ये उभ्या राहिलेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी थर लावून, वेळोवेळी ढीग उलटून खत करण्याची 'इंदूर पद्धत' बसवली. ढीग उलटला की आत हवा जाते आणि मिथेन जवळपास होतच नाही.

देवगुराडियाच्या प्लांटसारख्या बंद टाकीतल्या पद्धतीत मिथेन मुद्दाम तयार केला जातो, म्हणून तिथे गळतीकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. एक किलो मिथेन बसच्या इंजिनात जळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, तोही झाडांनी अलीकडेच हवेतून घेतलेल्या कार्बनचा. तोच एक किलो एखाद्या सैल जोडातून न जळता निसटला, तर पुढची 20 वर्षं तो 80 किलोंचं काम करतो. अशी गळती अवरक्त कॅमेऱ्याने पकडतात. मिथेन ज्या तरंगलांबीचे किरण शोषतो, नेमके तेच तो कॅमेरा टिपतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा वायू पडद्यावर धुरासारखा दिसतो. इंदूरच्या प्लांटची ही मोजणी शहराला नियमित कळावी, असं मला फार वाटतं. किती टन कचरा आला आणि किती किलो गॅस विकला, या आकड्यांच्या शेजारी निसटलेल्या गॅसचा आकडाही असावा.