अपघाताचा दावा: पोलिसांचा अहवाल कोर्टात गेला म्हणून घरी थांबू नका

"पोलिसांनी कागद कोर्टात पाठवलेत, आता तारीख येईल." मोटार अपघात दावा प्राधिकरणाच्या, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाच्या, आवारात हे वाक्य मी सतत ऐकते. समज निम्मा बरोबर आहे, म्हणूनच माणसं फसतात.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे अपघात कळल्यावर ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने नमुना १, म्हणजे प्रथम अपघात अहवाल, प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा. ९० दिवसांत नमुना ७, म्हणजे सविस्तर अहवाल. पोलीस ठाण्यात त्याला डीएआर म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(४) नुसार पोलिसांचा हा अहवालच दाव्याचा अर्ज धरायचा आहे. पण त्यातला नमुना ६ तुम्ही भरून ६० दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचा असतो. वारसांची नावं, वय, कमाई, उपचाराचा खर्च हे सगळं त्यात. तो कोराच राहिला तर डीएआरमध्ये गाडीची कुंडली सापडते, माणसाची सापडत नाही. नमुना २, म्हणजे हक्कांची माहिती देणारा कागद, देऊन कुटुंबाला हे समजावणं पोलिसांचं काम आहे. ते होत नाही आणि भोगतं कुटुंब, याचा मला फार राग येतो.

म्हणून प्राधिकरणात भरपाईसाठी स्वतःचा अर्जही करा. मुदत सहा महिने, आणि ती अपघाताच्या तारखेपासून. दवाखान्यातून सुटल्यापासून नाही, दोषारोपपत्रापासून नाही, माणूस दोन महिन्यांनी दगावला तर मृत्यूपासूनही नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालतो. बीडच्या माणसाला कोल्हापूरला अपघात झाला म्हणून कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही.

एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट किंवा जखमेचा दाखला, आरसी, विमा पॉलिसी, वारसांचे कागद ही यादी कुठलाही वकील देतो. अडतं ते कमाईपाशी. ऊसतोड करणाऱ्या एका बाईंनी नवऱ्याच्या कमाईच्या रकान्यात फक्त "मजुरी" लिहिलं होतं. पुरावा विचारला तर म्हणाल्या, "आमच्याकडं कसला कागद?" पिशवीत मुकादमाच्या उचलीची चिठ्ठी होती, घडी पडून फाटायला आलेली. तोच कागद! पासबुक, दूध संघाची बिलं, ठेकेदाराची डायरी, जे असेल ते जोडा. माणूस तिशीचा, मागे चार जण अवलंबून, तर महिन्याच्या कमाईतला पाच हजारांचा फरक भरपाईत ७ लाख ६५ हजारांचा होतो, तोही भविष्यातली वाढ न धरता.

वयाचंही तसंच. वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणून भरपाई काढतात तो गुणक सव्वीस ते तीस वयाला १७, एकतिसाव्या वर्षी १६. आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला त्यापेक्षा ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अपघाताच्याच दाव्यात सांगितलंय. गावच्या शाळेत जाऊन दाखला आणा.

कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. विमा कंपनीचा माणूस सांत्वनाला येऊन सही मागेल. कलम १६४ चे ते पैसे घेतलेत तर कलम १६६ चा मोठा दावा संपतो. आधी वकिलाला विचारा. बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. गाडी सापडलीच नाही तर वाट वेगळी: तहसीलदार किंवा प्रांताकडे हिट अँड रन योजनेचा अर्ज, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार.

आणि नमुना ६ देताना त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर ठाण्याचा शिक्का, तारीख, सही घ्या. "पोच लागत नाही" म्हणाले तरी घ्या.