फॉलोअपला जायच्या आधी हे वाचा, मग आमच्याकडे या

आमच्या फोंड्याच्या दुकानात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशंटचं सामान मिळतं हे तुम्हाला माहीत आहेच. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात फीड द्यायची नळी), ट्रॅकिओस्टॉमीच्या म्हणजे गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायच्या ट्यूबा आणि त्यांच्या पट्ट्या, सक्शन मशीन, ट्यूबमधून द्यायच्या फीडचे डबे, गळ्याला लावून बोलायचं मशीन सुद्धा. पण हे पत्रक सामानाचं नाही, फॉलोअपला डॉक्टरांना काय सांगायचं-विचारायचं त्याचं आहे. बांबोळीहून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून, ओपीडी करून परत येताना लोक दुपारी दुकानात थांबतात आणि जे डॉक्टरांना विचारायला हवं होतं ते सगळं आम्हाला विचारतात. पाणी पिताना ठसका लागतो, काय देऊ? तोंड उघडतच नाही, काही मशीन आहे का? दाढ दुखते, इथेच कुठेतरी काढून घेऊ का? आम्ही विचारतो, डॉक्टर काय म्हणाले? तर म्हणे विचारायचं राहिलं.

म्हणजे सकाळी उपाशीपोटी गाडी धरून गेलात, नंबर लावला, तासन् तास बसलात, आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी "कशें आसा?" विचारलं तेव्हा म्हणालात "बरें आसा". झालं. डॉक्टर तोंडात बॅटरी मारून बघणार, मान चाचपणार, पुढची तारीख लिहिणार. यात डॉक्टरांची चूक नाही हो, त्यांचं पहिलं लक्ष असतं आजार परत आलाय का याच्यावर, कारण परत यायचा असेल तर जास्त करून पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, म्हणून तर पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी बोलावतात आणि मग हळूहळू अंतर वाढवत नेतात. गाठ त्यांना हाताला लागते. पण रात्री ठसका लागून झोपमोड होते, एक वाटी पेज संपवायला तास लागतो, लग्नाला गेलं तर सांडेल म्हणून कोणासमोर जेवत नाही, हे त्यांना बॅटरीत कसं दिसणार? ते तुम्हीच सांगायचं, आणि तिथेच सांगायचं.

तिकडे इंग्लंडात लिव्हरपूलला सायमन रॉजर्स नावाच्या सर्जनच्या टीमने यावर एक साधी युक्ती काढली, २००९ च्या सुमारास ती छापून आली. पेशंटला आत जायच्या आधी एक यादी द्यायची, पन्नासच्या वर गोष्टींची, त्यात गिळणं, दात, थकवा, झोप, पैसा, मूड, नवरा-बायकोचं नातं असं सगळं, आणि आज ज्याच्यावर बोलायचंय त्याच्यावर खूण करायची, शिवाय आहारतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट वगैरे कोणाला भेटायचंय तेही. डॉक्टरांना पेशंट आत यायच्या आधीच कळतं की आज काय बोलायचंय. तिथे सगळ्यात जास्त खुणा कशावर पडतात माहीत आहे? आजार परत येईल या भीतीवर. आपल्याकडे हीच गोष्ट कोणी तोंडातून काढत नाही, अशुभ वाटतं म्हणून.

त्यावरून आम्ही मराठीत एक छोटं कार्ड छापलंय, काउंटरवर ठेवलंय, फुकट आहे, काही विकत घ्यायची गरज नाही. आदल्या रात्री घरी बसून भरा. खुणा कितीही करा पण त्यातल्या तीनच गोष्टींना नंबर द्या, एक, दोन, तीन. आणि मुख्य म्हणजे आत गेल्या गेल्या फाइलच्या वर ठेवून डॉक्टरांच्या हातात द्या. बाहेर पडताना दारात उभं राहून "आणि एक डॉक्टर" असं सुरू केलं की तोपर्यंत पुढचा पेशंट खुर्चीत बसलेला असतो. कार्ड नसलं तर वहीचं पान चालतं, काही अडत नाही.

लिहिताना मोघम लिहू नका. "जेवण जात नाही" याच्यातून काही कळत नाही. "मऊ भात जातो, पाव अडकतो, साध्या पाण्याने ठसका लागतो, मागच्या वेळेपासून वजन तीन किलो कमी" असं लिहा. ठसका ही साधी गोष्ट नाही, अन्नपाणी श्वासनळीत जात असेल तर छातीत इन्फेक्शन होतं, आणि काहींना तर ठसका न लागताच जातं. पाणी दाट करायची पावडर आमच्याकडे आहे पण गिळण्याची तपासणी ज्यांनी केली त्या डॉक्टर किंवा थेरपिस्टची चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही ती देत नाही, यावरून भांडणं पण झालीत, "दुसरीकडे मिळते" म्हणतात. मिळू दे. किती दाट करायचं हे माणसागणिक वेगळं असतं, प्रत्येकाला ती लागतेच असंही नाही, आणि अंदाजाने दिली तर माणूस पाणीच कमी पितो.

दाताचं तर लाल पेनाने लिहा. रेडिएशन झालं की लाळ कमी होते, लाळ कमी झाली की दात भराभर किडतात, आणि किडका दात रेडिएशन झालेल्या जबड्यातून काढला तर जखम न भरता हाड खराब होऊ शकतं. हा धोका रेडिएशन संपून बरीच वर्षं झाली तरी राहतो. त्यामुळे जवळच्या डेंटिस्टकडे जाऊन पटकन दात काढून घेऊ नका, आधी ऑन्कोलॉजीच्या म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा आणि डेंटिस्टला पण रेडिएशनचं सांगा. फ्लोराइडचं काय लावायचं, किती दिवस, तेही विचारून घ्या. तोंड किती उघडतं ते स्वतःच्या बोटांनी बघा, उभी तीन बोटं जायला हवीत, मागच्या महिन्यात जात होती आणि आता दोनच जातात तर ते लिहायचं. व्यायाम लवकर सुरू केला तर उपयोग होतो, जबडा आवळून वर्ष गेल्यावर मशीन मागायला आलात तर आम्ही तरी काय करणार.

बाकी मानेचं ऑपरेशन झालेल्यांचा खांदा दुखतो, हात वर जात नाही, त्याला फिजिओथेरपी असते. मानेला रेडिएशन झालं असेल आणि सारखी मरगळ, थंडी वाजणं, वजन वाढणं असं असेल तर थायरॉइडची टेस्ट कधी केली होती ते विचारा, ती सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. तंबाखू किंवा दारू परत सुरू झाली असेल तर तेही कार्डावर आहे, ओरडा बसेल म्हणून लपवू नका, सोडवायला मदत मिळते.

बरोबर जाणाऱ्यांना एक विनंती. पेशंटला बोलायला त्रास होतो म्हणून सगळं तुम्हीच बोलून टाकता, आणि बाबांच्या मनातलं बाबांच्याच मनात राहतं. खुणा त्यांना करू द्या. तुम्हाला वेगळं काही सांगायचं असेल तर कार्डाच्या मागे जागा आहे.

आता आमच्या कामाचं. ट्यूब घ्यायला येताना ट्यूबच्या साइजचा नंबर घेऊन या. "घशातली ट्यूब द्या, मधली साइज" असं सांगून कोणी येतं, आम्ही फोन लावत बसतो, घरी पेशंट ताटकळतो. प्लास्टिकच्या आणि धातूच्या ट्यूबांचे नंबर वेगळ्या हिशोबाचे असतात, कफवाली (म्हणजे टोकाला फुगा असलेली) वेगळी, बिनकफची वेगळी. ओपीडीत असतानाच कागदावर लिहून घ्या किंवा जुन्या पाकिटाचा फोटो मोबाइलवर ठेवा. पाकीट फोडलेली ट्यूब आम्ही परत घेत नाही, स्टराइल म्हणजे निर्जंतुक माल आहे, उद्या तीच तुमच्या माणसाला दिली तर चालेल का?

आणि काही गोष्टींसाठी कार्ड भरत बसायचं नाही, पुढच्या तारखेची वाट पण बघायची नाही. मानेत नवीन गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, एकाच बाजूचा कान सारखा दुखणं, गिळणं किंवा आवाज अचानक बिघडणं, हे असेल तर तारखेच्या आधीच जाऊन दाखवा. भरपूर रक्त आलं किंवा श्वास घेताना घरघर होऊन दम लागला तर सरळ १०८ ला फोन, आमच्याकडे नाही.

कार्ड व्हॉट्सॲपवर पण पाठवतो, दुकानाच्या नंबरवर नुसतं "कार्ड" असं टाका. फीडचे डबे फोंडा शहरात घरपोच देतो, जवळच्या गावांत आदल्या दिवशी सांगितलं तर. नंबर लिहिलेला असेल तर ट्यूब पण त्याच गाडीने येते.