मेरुरज्जू अपुरा आलाय? परत पाठवण्याआधी हे वाचा
(मेंदू-मेरुरज्जू मॉडेल घेणाऱ्या शाळा, क्लास व महाविद्यालयांसाठी)

खोकं उघडल्यावर येणारा पहिला फोन बहुतेक वेळा असाच असतो: "रज्जू कमरेपर्यंतच आलाय, खालचा तुकडा राहिला." तुकडा राहिलेला नाही. माणसाचा मेरुरज्जू (मेंदूपासून कण्यातून खाली उतरणारा चेतातंतूंचा दोर) असतोच तेवढा. प्रौढ माणसात तो साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर भरतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी निमुळता होऊन संपतो. गर्भात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तो कण्याच्या पार टोकापर्यंत पोचलेला असतो; पुढे कणा भरभर वाढतो आणि रज्जू मागे पडतो. जन्मताना त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असतं.

त्याखाली लोंबणारा झुबका म्हणजे पॅकिंगचा धागा नव्हे. कृपया कापू नका. कमरेच्या आणि त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) चेता, म्हणजे नसा, कण्यातलं आपापलं छिद्र गाठायला खाली उतरतात, त्यांचा तो झुबका. कमरेची ५वी चेता रज्जूतून निघते पाठीच्या १२व्या मणक्याच्या आसपास आणि बाहेर पडते थेट कमरेच्या ५व्या मणक्याखालून. या झुबक्याच्या लॅटिन नावाचा अर्थ घोड्याची शेपटी. बघितलं की पटतं. पाठीतलं पाणी तपासायला डॉक्टर कमरेच्या ३ऱ्या-४थ्या किंवा ४थ्या-५व्या मणक्यांमध्ये सुई घालतात तेही यामुळेच. तिथे रज्जू नसतो, आणि सुट्या चेता सुईपुढून बाजूला सरकतात.

खरं नुकसान होतं ते रज्जू 'पुरवायला' खाली ओढल्यावर. चेतांच्या ३१ जोड्या, म्हणजे मॉडेलमध्ये चेता दाखवणाऱ्या ६२ पिना, छिद्रांतून निसटतात, काही मुळाशी तुटतात. ही दुरुस्ती आम्ही वॉरंटीत धरत नाही. यावर नाराजी होते, पण ओढून तुटलेली पिन आणि आमच्याकडून सैल बसलेली पिन यांतला फरक हातात घेताच कळतो.

पिना निसटल्याच असतील तर बसवायला वरून सुरुवात करा. मानेचे मणके ७, चेता मात्र ८ जोड्या. पहिली जोडी कवटी आणि पहिला मणका यांच्या मधून जाते. ७व्या जोडीपर्यंत प्रत्येक चेता आपल्या मणक्याच्या वरून निघते, ८वी सातव्याच्या खालून. तिथून पुढे पाठीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १, या सगळ्या आपापल्या मणक्याच्या खालून. सर्वांत वरची जागा रिकामी सोडली की अख्खी रांग एका घराने चुकते आणि शेवटी एक जोडी हातात उरते. मग दुसरा फोन: "पिना जास्त आल्यात."

पुढची-मागची बाजू आडव्या छेदावरून ओळखा. मधल्या करड्या फुलपाखराचे पुढचे पंख जाड असतात, मागचे बारीक आणि जवळजवळ काठापर्यंत गेलेले. चेता रज्जूला पुढच्या आणि मागच्या अशा दोन मुळांनी जोडलेली असते; ज्या मुळावर गाठ आहे ते मागे. त्यातून संवेदना आत येते, पुढच्या मुळातून स्नायूंकडे आदेश जातो. रज्जू उलटा बसला तर गुडघ्याचा प्रतिक्षेप (टकटक केल्यावर पाय आपोआप उडणं) शिकवताना बाण उलटे पडतात.

प्रमस्तिष्कात (मोठ्या मेंदूत) करडा थर बाहेर आणि रज्जूत तो आत, ही रंगाऱ्याची चूक नाही. मस्तिष्कपुच्छावर (मेंदूच्या सर्वांत खालच्या, रज्जूला जोडणाऱ्या भागावर) लाल पट्ट्या एकमेकींना ओलांडतात त्याही मुद्दाम. उजवा हात डाव्या प्रमस्तिष्काच्या ताब्यात असतो तो त्या फुलीमुळे.

वर्गात मागच्या बाकापर्यंत छेद दिसायला हवा असेल तर तो मोठ्या आकारात वेगळा मिळतो, दोन्ही मुळं सुटी करता येतात. सुट्या पिना आणि मराठी नावांच्या चिकटपट्ट्याही ठेवतो. पिना मागवताना मान, पाठ की कंबर ते लिहा, जाडी वेगळी असते. पुसायला ओलं फडकं पुरे. थिनर किंवा स्पिरिट लावलंत तर आधी नंबर जातील, मग रंग.