पोर्टोरा रॉयल स्कूल

उत्तर आयर्लंडमधील फर्मॅना परगण्यात, एनिस्किलन येथे २०१६ पर्यंत चाललेली मुलांची ग्रामर शाळा. ‘ग्रामर’ म्हणजे मुळात लॅटिनचे व्याकरण. विद्यापीठात जायचे तर लॅटिन यायलाच हवे, म्हणून ते घोटवून घेणाऱ्या शाळा या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. उत्तर आयर्लंडमध्ये आता प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या माध्यमिक शाळांना हे नाव आहे.

१६०७ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, सरदार देश सोडून गेले. त्यांच्या जमिनी इंग्लंडच्या राजाने जप्त केल्या आणि तेथे इंग्लंड-स्कॉटलंडमधून प्रॉटेस्टंट वसाहतकरी आणून बसवले. जेम्स पहिला याने १६०८ मध्ये प्रांतात शाही शाळा काढण्याचा हुकूम दिला, तो याच काळातला. शाळांच्या खर्चासाठी तोडून दिलेली जमीनही त्याच जप्तीतली होती. त्यामुळे या शाळांच्या इतिहासात नुसता विद्याप्रसार पाहणे भाबडेपणाचे ठरेल.

फर्मॅनाची शाळा प्रत्यक्षात १६१८ मध्ये लिस्नास्कीजवळ बॅलीबालफोर येथे सुरू झाली. १६६१ मध्ये ती एनिस्किलनला आली आणि १७७८ च्या सुमारास गावाच्या पश्चिमेकडील पोर्टोरा टेकडीवर गेली. खाली लोअर लॉख अर्न हे सरोवर आणि काठावर सतराव्या शतकातल्या गढीचे अवशेष. गढीच्या पडझडीला वादळवाऱ्याइतकाच विद्यार्थ्यांनी घरी बनवलेल्या दारूचा (उडवायच्या!) प्रयोगही कारणीभूत मानला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री फ्रान्सिस लाइट हा बापाने वाऱ्यावर सोडलेला मुलगा येथे शिकत होता. त्याची फी मुख्याध्यापक रॉबर्ट बरोज यांनी भरली, घरातही त्यांनीच ठेवून घेतले. पुढे पाद्री झालेल्या लाइटने १८४७ मध्ये, मृत्यूच्या काही काळ आधी, ‘अबाइड विथ मी’ हे भजन पूर्ण केले. गांधीजींचे आवडते म्हणून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ते अनेक वर्षे वाजत असे. २०२२ मध्ये ते वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून घेतली गेली, म्हणजे पोर्टोराच्या विद्यार्थ्याची जागा लता मंगेशकरांच्या गाण्याने घेतली.

आयरिश नाटककार ऑस्कर वाइल्ड १८६४ ते १८७१ या काळात थोरला भाऊ विली याच्यासोबत येथे वसतिगृहात राहिला. १८६८ मध्ये त्याने आईला लिहिलेल्या पत्रात शर्टांची तक्रार आहे : हॅम्परमधून आलेले फ्लॅनेलचे दोन्ही शर्ट विलीचे आहेत, माझा एक लालभडक आणि दुसरा लायलॅक रंगाचा. तेरा वर्षांच्या मुलाला एवढा तपशील महत्त्वाचा वाटला, यातच पुढचा छानछोकी वाइल्ड दिसतो. शिष्यवृत्ती मिळवून तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, तेव्हा सन्मानफलकावर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत लागले. १८९५ मध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून तो तुरुंगात जाताच शाळेने ते पुसून टाकले. ‘सर्वांना मान द्या’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद मिरवणाऱ्या शाळेला यात विसंगती वाटली नसावी. पुढे कीर्ती पालटल्यावर तेच नाव पुन्हा सोनेरी करण्यात आले.

नाटककार सॅम्युएल बेकेट १९२० मध्ये दाखल झाला. तो शिकत असतानाच आयर्लंडची फाळणी झाली. शाळा ब्रिटिश राजवटीतल्या उत्तरेत राहिली आणि डब्लिनजवळचे त्याचे घर सीमेपलीकडे गेले. येथे तो क्रिकेट आणि रग्बी खेळला. पुढे डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्थॅम्प्टनशरविरुद्ध दोन प्रथम श्रेणी सामने खेळल्यामुळे त्याचे नाव ‘विझ्डेन’ या क्रिकेटच्या वार्षिक ग्रंथात आले. नोबेल (१९६९) मिळालेल्यांपैकी प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेला तो एकटाच.

२०१६ मध्ये ही शाळा गावातील मुलींच्या कॉलेजिएट शाळेशी एकत्र होऊन एनिस्किलन रॉयल ग्रामर स्कूल झाली. काही माजी विद्यार्थ्यांचा याला विरोध होता. नव्या नावात ‘रॉयल’ राहिले, ‘पोर्टोरा’ गेले.