संसदेतली चर्चा, प्रश्नोत्तरं आणि समितीचे अहवाल कसे शोधायचे: माहिती अधिकाराचा अर्ज टाकण्याआधी हे वाचा

लोकसभेत किंवा राज्यसभेत कोण काय बोललं, मंत्र्यांनी लेखी उत्तरात काय सांगितलं, समितीने कोणती शिफारस केली, हे पाहायला कसलीही पात्रता लागत नाही. वयाची अट नाही, ओळखपत्र नाही, शुल्क नाही. तरीही कितीतरी जण संकेतस्थळावर दहा मिनिटं शोधतात, काही सापडलं नाही म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि महिनाभराने ‘सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ अशा एका ओळीचं उत्तर हातात पडतं. यामागे लपवाछपवी क्वचितच असते. कोणत्या सभागृहाचा, कोणत्या प्रकारचा कागद हवा हेच आधी ठरलेलं नसतं, आणि शोधाची खिडकी इतकी हट्टी आहे की ते ठरल्याशिवाय ती काही देत नाही.

कागदपत्रं: जे कोणाकडेच नसतं ते

कागद एकही जोडायचा नाही, पण चार गोष्टी हाताशी हव्यात: सभागृह, तारीख, प्रकार (प्रश्न, चर्चा, विधेयक की समितीचा अहवाल) आणि शीर्षकातला एखादा नेमका शब्द. यातली तारीख जवळजवळ कोणाकडेच नसते. ‘आमच्या खासदारांनी दोन वर्षांपूर्वी संसदेत विचारलं होतं’ एवढ्यावर काही हाती लागत नाही.

तारीख मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पत्र सूचना कार्यालयाची (केंद्र सरकारच्या पीआयबीची) प्रसिद्धिपत्रकं. मंत्र्यांच्या लेखी उत्तरावर आधारलेल्या पत्रकाच्या शेवटी ‘ही माहिती आज लोकसभेत (किंवा राज्यसभेत) लेखी उत्तरात दिली’ असं वाक्य असतं. तिथेच सभागृह, दिवस आणि मंत्रालय तिन्ही मिळतात, आणि बरीच पत्रकं मराठीतही असतात. वर्तमानपत्राचं कात्रण असेल, तर बातमीच्या तारखेच्या आदल्या दिवसापासून शोधा.

प्रश्न क्रमांक लिहून ठेवलेले लोकही अडकतात, कारण हे क्रमांक दर अधिवेशनात नव्याने सुरू होतात. नुसता ‘अतारांकित प्रश्न क्र. 1432’ (अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तराचा) म्हटलं तर तो डझनभर अधिवेशनांत सापडेल. लोकसभेसाठी कितवी लोकसभा आणि कितवं अधिवेशन, दोन्ही निवडावं लागतं: 2014 ते 2019 सोळावी, 2019 ते 2024 सतरावी आणि जून 2024 पासून अठरावी. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, म्हणून तिथे अधिवेशनांचे क्रमांक 1952 पासून सलग चालत आले आहेत. जुलै-ऑगस्ट 2024 चं अधिवेशन हे तिचं 265वं. लोकसभेच्या पद्धतीने राज्यसभेत शोधलं की निकाल शून्य येतो.

काही वेळा रेकॉर्ड नसतंच. 2020 चं हिवाळी अधिवेशन झालंच नाही. त्याआधी सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं आली. त्या काळातली तोंडी उत्तरं कृपा करून शोधू नका.

प्रश्नोत्तरं

संसदेच्या एकत्रित संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांची प्रश्नोत्तरं आहेत. मंत्रालय, सदस्य, तारीख आणि शीर्षक यांवरून शोधता येतं. शीर्षकं फार कोरडी असतात. कांद्याच्या भावावरचा प्रश्न ‘किमान आधारभूत किंमत’ किंवा ‘निर्यात धोरण’ अशा नावाखाली दडलेला असू शकतो. म्हणून आपल्या तोंडच्या शब्दापेक्षा योजनेचं किंवा धोरणाचं सरकारी नाव टाका, आणि तेही इंग्रजीत. देवनागरीत मराठी शब्द टाकून फारसं काही मिळत नाही. सदस्याचं नाव टाइप करण्याऐवजी यादीतून निवडा, कारण आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आपण लिहितो तसंच असेल याची खात्री नसते.

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर द्यायचं असतं. लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त 20 प्रश्न तारांकित यादीत लागतात, पण प्रत्यक्षात त्यातल्या थोड्यांचाच नंबर येतो. बाकीच्यांची उत्तरं लेखी म्हणून धरली जातात. अनेकांना हवे असतात ते पुरवणी प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना उभं करून विचारलेले खरे टोकदार प्रश्न. ते प्रश्नाच्या फाइलमध्ये नसतात. ते त्या दिवसाच्या कामकाजाच्या शब्दशः वृत्तात असतात, आणि तेही प्रश्न पुकारला गेला असेल तरच.

आता सगळ्यात जास्त निराश करणारं उत्तर: ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.’ हे वाचून लोक फाइल बंद करतात. तसं करू नका. संसदीय नियमांत असं वाक्य आश्वासन मानलं जातं. ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, उशीर झाला तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, आणि या सगळ्यावर आश्वासन समितीची नजर असते. नंतर आलेली माहिती मूळ प्रश्नाखाली दिसेलच असं नाही. ती आश्वासनांच्या पूर्ततेच्या विवरणात शोधावी लागते. हा दुवा प्रश्नाशेजारीच का देत नाहीत, याचं समाधानकारक कारण मला तरी दिसत नाही. नागरिकाने दोन ठिकाणी शोधायचं आणि तेही कोणी सांगितलं तर, ही पद्धत बदलायला हवी.

उत्तर ‘हा राज्याचा विषय आहे’ असं असेल, तर तिथे वेळ घालवू नका. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत आहेत. त्यांचे आकडे आणि खुलासे राज्याच्या विधानमंडळातल्या तारांकित प्रश्नांत आणि लक्षवेधी सूचनांत शोधा.

चर्चा आणि विधेयकं

जुन्या चर्चांसाठी संसद डिजिटल ग्रंथालय वापरा. 1952 पासूनच्या लोकसभेच्या चर्चा आणि त्याआधीच्या संविधान सभेच्याही चर्चा तिथे आहेत. राज्यसभेच्या चर्चांचं भांडार वेगळं आहे. जुनी पानं स्कॅन केलेली असतात. हिंदी भाषणं तर पुष्कळदा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, त्यामुळे फाइल उघडून शब्द शोधला तरी सापडत नाही. अशा वेळी तारखेवरून जाऊन पानं चाळण्याला पर्याय नाही.

विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक एकच समजू नका. महिला आरक्षणाचं विधेयक 128व्या घटनादुरुस्तीचं होतं. ते लोकसभेत 20 सप्टेंबर 2023 ला आणि राज्यसभेत 21 सप्टेंबरला मंजूर झालं, आणि कायदा झाला तो 106व्या दुरुस्तीचा. वस्तू व सेवा कराचं विधेयक 122वं, कायदा 101वा. माहिती अधिकाराचं विधेयक 2004 चं म्हणून मांडलं गेलं आणि मे 2005 मध्ये मंजूर झालं. चर्चा शोधायची तर विधेयकाचं नाव आणि वर्ष लागतं, कायद्याचं नाही.

थेट प्रक्षेपणात ऐकलेलं वाक्य वृत्तात दिसलं नाही तर गोंधळू नका. लोकसभेत नियम 380 खाली अध्यक्ष असभ्य किंवा असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात, आणि तिथे फुल्या छापल्या जातात. अधिकृत वृत्तात जे नाही ते कितीही अर्ज केले तरी मिळणार नाही. ताजं वृत्त ‘असंपादित’ असतं, म्हणून उद्धृत करताना नंतरची अंतिम प्रत पाहा. मंत्री नंतर एखाद्या दिवशी आपल्या उत्तरात दुरुस्तीचं निवेदनही करतात. जुना आकडा वापरून तक्रार केलेल्यांचे अर्ज याच कारणाने उलटलेले पाहिले आहेत.

समित्या: इथे अपेक्षा बदला

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. कोणत्या सचिवाने काय साक्ष दिली याचं शब्दशः वृत्त लोकांसाठी खुलं नसतं, आणि अहवाल पटलावर ठेवला जाईपर्यंत साक्ष गोपनीय असते. मिळतो तो अहवाल आणि त्याच्या शेवटी जोडलेलं बैठकांचं इतिवृत्त: तारीख, हजर सदस्य, बोलावलेले अधिकारी, काय ठरलं. विधेयकांवरच्या अहवालात काही वेळा सदस्यांचं मतभेदाचं टिपण असतं. समितीत वाद कुठे झाला हे जाणून घ्यायचं तर ते आधी उघडा.

विभागांशी संबंधित स्थायी समित्या 24 आहेत. त्यातल्या 16 लोकसभेच्या आणि 8 राज्यसभेच्या अखत्यारीत येतात. आरोग्य, गृह, शिक्षण, कायदा व न्याय, परिवहन या समित्यांचे अहवाल राज्यसभेच्या बाजूला आहेत. कृषी, अर्थ, रेल्वे, ग्रामविकास लोकसभेच्या. सदस्य दोन्हीकडचे असल्यामुळे लोक नेमकं चुकीच्या पानावर शोधत बसतात. लोकसभेच्या समित्यांचे अहवाल क्रमांक प्रत्येक लोकसभेत पुन्हा एकपासून सुरू होतात, राज्यसभेच्या समित्यांचे सलग चालतात. आरोग्य समितीचा एचपीव्ही लशीच्या चाचण्यांवरचा 2013 चा अहवाल 72वा होता. याच अहवालाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 9 मे 2018 ला म्हटलं की न्यायालयं समितीच्या अहवालांची दखल घेऊ शकतात, पण त्यांच्या वैधतेला तिथे आव्हान देता येत नाही.

शिफारशीचं पुढे काय झालं, हे केलेल्या कार्यवाहीच्या अहवालात असतं. लोकसभेच्या समित्यांच्या अशा अहवालाचं चौथं प्रकरण थेट उघडा: सरकारची जी उत्तरं समितीने मान्य केली नाहीत ती तिथे असतात.

तरीही अर्ज करायचाच असेल तर

अर्ज त्या त्या सभागृहाच्या सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. ‘चर्चेची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्र. अमुकवरील आश्वासनाच्या पूर्ततेचं विवरण’ असं कागदाचं नाव लिहा. ‘मंत्र्यांनी असं का सांगितलं’ हा माहितीचा प्रश्न नव्हे, त्याला उत्तर मिळत नाही. समितीची अंतर्गत टिपणं मागितली, तर कलम 8(1)(ग) खाली, म्हणजे संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल म्हणून, नकार येण्याची शक्यता मोठी. उत्तरामागचा मूळ आकडा हवा असेल तर सचिवालयाला विचारूच नका. तो मंत्रालयाकडे असतो, अर्ज तिकडेच करा.

मुदत नीट मोजा. 30 दिवस अर्ज पोस्टात टाकल्यापासून धरायचे नसतात, तो अधिकाऱ्याला मिळाल्यापासून धरायचे असतात. अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाकडे वर्ग करायला जास्तीत जास्त 5 दिवस असतात. उत्तर आल्यापासून, किंवा उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून, प्रथम अपिलाला 30 दिवस मिळतात. कोणी तरी कळवेल म्हणून वाट पाहणाऱ्यांची हीच मुदत हमखास निघून जाते, तेव्हा अर्ज टाकला त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा. दुसऱ्या अपिलासाठी केंद्रीय माहिती आयोगाकडे 90 दिवसांत जायचं असतं, आणि सोबत पहिल्या अपिलाची प्रत जोडायची असते, म्हणून ती जपून ठेवा.