अला-कियीज की शिर्दाक? किरगीझ नमद्यांतला फरक

मध्य आशियातल्या किरगीझ पशुपालकांच्या गोल तंबूत, म्हणजे बोज-उयमध्ये, दोन जातींचे नक्षीदार नमदे, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेले जाड गालिचे, अंथरतात: अला-कियीज आणि शिर्दाक. दोन्ही मेंढीच्या लोकरीचे आणि दोन्हींवर एडक्याच्या वळलेल्या शिंगांची नक्षी, 'कोचकोर मुयुज'. 2012 साली युनेस्कोने तातडीने जतन करायच्या वारशांच्या यादीत दोघांची नोंद एकत्रच केली. त्यामुळे एकाचं नाव दुसऱ्याला सहज चिकटतं. फरक मात्र मुळातला आहे. अला-कियीजमध्ये नमदा होण्याआधी नक्षी मांडतात, तर शिर्दाकमध्ये तयार नमद्यातून ती कापून काढतात. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

धनगरांची घोंगडी आणि जेन ज्यांनी हाताळलंय त्यांना हे लवकर उमगेल. घोंगडी मागावर विणतात. जेन विणत नाहीत, लोकर पिंजून, भिजवून, दाबून तिचा एकजीव थर करतात. नमदा होतो तो असाच. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं यांनी तंतू एकमेकांत अडकतात ते पुन्हा सुटत नाहीत. अला-कियीज जेनच्या जवळचा. शिर्दाकला पुढे सुई लागते, म्हणून तो आपल्या गोधडीच्या जवळ जातो.

अला-कियीजसाठी लोकर आधीच रंगवून ठेवतात. शरद ऋतूत कातरलेली लोकर यासाठी चांगली, कारण ती आखूड आणि मऊ असते. काठ्यांनी झोडून ती मोकळी करायची आणि 'चिय' नावाच्या उंच गवताच्या काड्यांच्या चटईवर सारख्या जाडीने पसरायची. त्यावर रंगीत लोकरीचे पुंजके हाताने ठेवत नक्षी मांडायची. मग उकळतं पाणी शिंपडून चटईसकट घट्ट वळकटी करायची, दोरीने बांधायची आणि पायाने लोटत किंवा घोड्यामागे ओढत फिरवायची. वळकटी सोडली की बायका गुडघ्यांवर ओळीने बसतात आणि साबणाचं गरम पाणी घालत नमदा कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने पुढे-मागे लाटतात. खरी घट्टी येते ती या लाटण्यातून.

बिघडतं तेही इथेच. थर कमी-जास्त पडला की आधी विरळ जागा दिसतात, पुढे तिथेच भोक पडतं. वळकटी सैल बांधली की नक्षी सरकते आणि शिंगाचं टोक भलतीकडे जातं. पाणी कोमट झालं की वरची रंगीत लोकर खालच्या थरात नीट शिरत नाही आणि वापरात पुंजक्यांनी निघते. कडा थोड्या पसरलेल्या दिसणं हा मात्र दोष नाही. दोन रंगांचे तंतू एकमेकांत शिरल्यावर रेघ धारदार राहणारच नाही. ही धूसर कड बघून अला-कियीजला कमी प्रतीचा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

शिर्दाकची सुरुवात साध्या, एकरंगी नमद्यांनी होते. इथे सुटी लोकर न रंगवता अख्खा नमदा रंगाच्या कढईत उकळतात. मग दोन विरोधी रंगांचे, समजा लाल आणि काळा, तुकडे एकावर एक ठेवायचे, वरच्या तुकड्यावर खडूने नक्षी आखायची आणि धारदार सुरीने दोन्ही थर एकदमच कापायचे. लाल शिंग काळ्या पोकळीत बसतं, काळं शिंग लाल पोकळीत. एका कापणीतून उलट रंगांचे दोन नग मिळतात आणि लोकर जवळजवळ वाया जात नाही. म्हणूनच शिर्दाकमध्ये नक्षी कुठली आणि पार्श्वभूमी कुठली हे ठरवता येत नाही. दोन्ही सारख्याच भरीव दिसतात.

तुकडे कडेला कड भिडवून शिवतात आणि शिवणीवर पिळाची दोरी बसवतात. ही दोरी जवळून बघण्यासारखी असते. एक धागा उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा. दोन्ही शेजारी ठेवून टाचले की गव्हाच्या लोंबीसारखी बारीक वेणी दिसते. दोन्ही धागे एकाच पिळाचे घेतले तर वेणी उमटत नाही, नुसत्या तिरक्या रेघा राहतात. शेवटी खाली जाड, साध्या नमद्याचं अस्तर लावून नक्षीच्या वळणांबरोबर आरपार टाके घालतात. कामाला महिने लागतात. यातल्या चुका वेगळ्या असतात. नमदा कच्चा असेल तर कापलेली कड पिंजते, दोन थरांची जाडी वेगळी असेल तर जोड उंचसखल होतो आणि दोरी जास्त ओढली की कापड चुण्या धरतं.

विकत घेताना डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. दोन रंगांच्या सीमेवरून बोट फिरवा. उंच दोरी लागली तर शिर्दाक. काहीच न अडता बोट सरकलं तर अला-कियीज. मग उलटा करून बघा. शिर्दाकच्या पाठीवर टाक्यांच्या ओळी दिसतात, अला-कियीजच्या पाठीवर टाका नसतो. तुकडे डिंकाने चिकटवलेले असतील आणि पाठीवर टाके नसतील, तर तो शिर्दाक नव्हे.

रोजच्या पायाखाली शिर्दाकच घ्यावा. दुहेरी थर आणि टाके यांमुळे तो कित्येक वर्षं टिकतो. किरगिझस्तानातला नारीन प्रांत, विशेषतः कोचकोर आणि आत-बाशी, यासाठी नावाजलेला आहे. अला-कियीज कमी वर्दळीच्या जागी किंवा भिंतीवर शोभतो. धुण्याच्या यंत्रात दोन्ही घालू नका: गरम पाणी आणि घुसळण मिळाली की नमदा होण्याची क्रिया पुन्हा सुरू होते आणि तो आकसतो. शिर्दाकमध्ये वरचे तुकडे आणि अस्तर वेगवेगळे आकसतात, मग तो कायमचा वाकडा होतो. झटका, काठीने झोडा, अधूनमधून ऊन द्या. गुंडाळून ठेवायचा असेल तर घडी घालू नका, वळकटी करा आणि कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.